शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेची तयारी (लहान प्राणी)

शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेची तयारी ही पशुवैद्यकीय शल्यचिकित्सेतील एक पायाभूत प्रक्रिया आहे. कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग यांसारख्या लहान प्राण्यांवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी छेदाच्या जागेवरील केस काढणे, त्वचेवरील मळ व तेलकटपणा दूर करणे, पूतिरोधक द्रव्याने त्वचेवरील सूक्ष्मजीवांची संख्या शक्य तितकी घटवणे आणि सभोवतालचा भाग निर्जंतुक कापडाने झाकणे, असे तिचे चार मुख्य टप्पे आहेत. शस्त्रक्रियेची उपकरणे, हातमोजे आणि कापड ही उष्णता, वायू किंवा किरणोत्सर्ग यांच्या साहाय्याने पूर्णपणे निर्जंतुक करता येतात. जिवंत त्वचा मात्र तशी करता येत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियागृहात इतर सर्व काळजी घेतली, तरी रुग्णप्राण्याची स्वतःची त्वचा हा जखमेत जंतू शिरण्याचा सर्वांत जवळचा स्रोत उरतोच. त्वचेच्या तयारीचा हेतू हा स्रोत नष्ट करणे नसून, जखमेपर्यंत पोहोचणाऱ्या जंतूंची संख्या प्राण्याच्या प्रतिकारशक्तीला पेलेल इतकी कमी ठेवणे हा असतो.

इतिहास

शस्त्रक्रियेतील स्वच्छतेचा विचार प्रथम माणसांच्या रुग्णालयांत रुजला आणि तेथून तो पशुवैद्यकात आला. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी लुई पाश्चर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन जखमांवर कार्बोलिक आम्लाचा वापर सुरू केला व १८६७ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे १८८०च्या दशकात जर्मनीत उपकरणे व कापड वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ झाली. जखमेत शिरलेले जंतू मारण्यापेक्षा ते जखमेत शिरूच नयेत अशी व्यवस्था करावी, हा विचार तेव्हापासून प्रबळ झाला. त्वचेच्या आधुनिक तयारीमागे हाच विचार आहे.

त्वचेवर वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांचा इतिहासही लक्षणीय आहे. आयोडीन या मूलद्रव्याचा शोध १८११ मध्ये फ्रान्समध्ये बेर्नार कूर्त्वा यांनी लावला. आयोडीनचे अल्कोहोलातील द्रावण, म्हणजे टिंक्चर आयोडीन, दीर्घकाळ वापरात होते. पण ते त्वचेची आग करते व तिला भाजल्यासारखी इजा करते. विसाव्या शतकाच्या मध्यास आयोडीन एका बहुवारिकाशी बांधून सावकाश मोकळे होईल असे पोव्हिडोन-आयोडीन तयार झाले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये क्लोरहेक्सिडीन विकसित झाले. आजही लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियेत मुख्यत्वे हीच दोन द्रव्ये वापरली जातात.

त्वचा आणि तिच्यावरील सूक्ष्मजीव

निरोगी त्वचेवरही जिवाणू असतात. अमेरिकन शल्यचिकित्सक फिलिप प्राइस यांनी १९३८ मध्ये या जिवाणूंचे दोन गट मांडले. पहिला गट तात्पुरत्या जिवाणूंचा. माती, विष्ठा, लाळ किंवा इतर प्राण्यांच्या स्पर्शातून ते त्वचेवर येतात, वरवर बसलेले असतात आणि धुण्याने बरेचसे निघून जातात. दुसरा गट निवासी जिवाणूंचा. ते बाह्यत्वचेच्या वरच्या थरांत, केसांच्या मुळांशी असलेल्या रोमकूपांत आणि स्नेहग्रंथींच्या तोंडाशी राहतात. रोमकूपात खोलवर असलेल्या जिवाणूंपर्यंत पूतिरोधक द्रव्य पोहोचत नाही. म्हणून कितीही घासले तरी त्वचा पूर्णपणे जंतुविरहित होत नाही. शस्त्रक्रिया लांबली की हेच खोलवरचे जिवाणू हळूहळू पृष्ठभागावर येतात.

कुत्र्याच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू सामान्यपणे आढळतो आणि कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेच्या जखमा चिघळण्यामागेही बहुधा तोच असतो. त्याचे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे प्रकार जगभर पसरले असल्यामुळे त्वचेच्या तयारीचे महत्त्व वाढले आहे. जो संसर्ग औषधाने सहज बरा होत नाही, तो होऊ न देणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय ठरतो.

प्राण्यांची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा काही बाबतींत वेगळी असते. कुत्र्या-मांजरांच्या केसाळ भागावरील बाह्यत्वचा पेशींच्या मोजक्याच थरांची व पातळ असते. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, तर कुत्र्याची त्वचा उदासीनतेकडे झुकलेली असते. दाट केसांत धूळ, कोंडा, पिसवा व गोचिड्या साचून राहतात. त्यामुळे माणसासाठी ठरवलेली पद्धत जशीच्या तशी प्राण्यांना लावता येत नाही.

जंतुसंसर्ग होण्यासाठी किती जिवाणू पुरतात, हे जखमेच्या स्थितीवरही अवलंबून असते. एलेक आणि कॉनेन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, त्वचेत रेशमी टाका असल्यास पू होण्यासाठी लागणाऱ्या जिवाणूंची संख्या लक्षावधींवरून काही शेकड्यांपर्यंत खाली येते. टाका, हाडातील पट्टी किंवा खिळा, एवढेच काय पण जखमेत पडलेला एखादा केसही अशा परक्या वस्तूचे काम करतो. केस काढणे आणि काढलेले केस दूर नेणे यांवर एवढा भर का दिला जातो, याचे उत्तर येथे मिळते.

पूर्वतपासणी

ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी छेदाच्या जागेची त्वचा तपासली जाते. तेथे पुरळ, पू असलेल्या पुटकुळ्या, खरूज किंवा ओलसर चट्टा आढळल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलून आधी त्वचेचा उपचार करणे श्रेयस्कर असते. फार मळलेल्या प्राण्याला आदल्या दिवशी अंघोळ घालता येते. परंतु भूल देण्याच्या वेळी अंगावरील केस पूर्ण कोरडे असावे लागतात. ओल्या केसांत क्लिपर अडकतो, आणि ओले अंग भुलेखाली लवकर थंड पडते.

केस काढणे

केस काढण्याचे काम प्राण्याला भूल दिल्यानंतर आणि शस्त्रक्रियेच्या अगदी आधी केले जाते. कुत्रे व मांजरांवरील १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, भूल देण्यापूर्वीच केस काढलेल्या प्राण्यांमध्ये जखमेला संसर्ग होण्याची शक्यता अधिक आढळली. केस काढताना त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. मधल्या काळात त्यांत जिवाणू वाढतात, आणि जागा असलेला प्राणी ती जागा चाटतो किंवा खाजवतो, ते वेगळेच. वस्तऱ्याने केस काढल्यास अशा जखमा आणखी वाढतात. म्हणून विजेवर चालणारा क्लिपर वापरला जातो.

लहान प्राण्यांसाठी सामान्यतः ४० क्रमांकाचे ब्लेड वापरतात. ते केस सुमारे पाव मिलिमीटर उंचीपर्यंत कापते. दाट केस असल्यास आधी जाड ब्लेडने केसांच्या दिशेने आणि मग बारीक ब्लेडने केसांच्या उलट दिशेने कापतात. ब्लेड त्वचेला समांतर धरावे लागते. ते तिरके धरल्यास त्याचे दाते त्वचेत रुततात. सैल त्वचा दुसऱ्या हाताने ताणून धरली, तर तिच्या घड्या ब्लेडमध्ये येत नाहीत. सतत चालवल्याने ब्लेड तापते आणि त्याने त्वचा भाजू शकते. अशा भाजलेल्या जागेची प्राण्याला शस्त्रक्रियेनंतर आग होते, तो ती जागा चाटतो आणि चांगली शिवलेली जखमही उसवते. म्हणून ब्लेड मधूनमधून हाताने तपासणे, थंड करणे व त्याला तेल देणे आवश्यक असते. दाते तुटलेले ब्लेड मुळीच वापरू नये. प्रत्येक प्राण्यानंतर ब्लेड स्वच्छ करून जंतुनाशकाने पुसले जाते, अन्यथा एका प्राण्याच्या त्वचेवरील जंतू आणि बुरशी दुसऱ्या प्राण्यापर्यंत पोहोचते.

केस किती भागावरील काढावेत, हे शस्त्रक्रियेवर अवलंबून असते. छेद ऐनवेळी वाढवावा लागला किंवा निचऱ्यासाठी नळी ठेवावी लागली, तरी ती जागा तयार केलेल्या भागातच असावी, हा नियम पाळला जातो. लहान छेदासाठी सर्व बाजूंनी किमान ५ ते १० सेंटिमीटर आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी त्याहून अधिक भाग मोकळा केला जातो. पोटावरील शस्त्रक्रियेत छातीच्या खालच्या भागापासून जांघेपर्यंतचे केस काढण्याची पद्धत आहे. कापलेले केस निर्वात यंत्राने ओढून घेतले जातात. हे सर्व काम शस्त्रक्रियागृहात न करता शेजारच्या तयारीच्या खोलीत करतात, कारण उडालेले केस टेबलावर आणि उपकरणांवर बसतात.

पूतिरोधक द्रव्ये

निर्जीव वस्तूंवर वापरायची ती जंतुनाशके आणि जिवंत ऊतींवर वापरता येतील अशी सौम्य ती पूतिरोधके, असा भेद केला जातो. फरशी पुसण्याचे जंतुनाशक त्वचेवर वापरल्यास ते त्वचेच्या पेशीही मारते. त्वचेसाठी पुढील द्रव्ये प्रचलित आहेत.

क्लोरहेक्सिडीन: साबणयुक्त स्क्रबमध्ये ते बहुधा ४ टक्के, तर अल्कोहोलमिश्रित द्रावणात २ टक्के असते. ते जिवाणूच्या पेशीपटलाला भोके पाडते आणि त्वचेतील केराटिनला चिकटून राहते. त्यामुळे धुतल्यानंतरही काही तास त्याचा परिणाम टिकतो. रक्त व पू यांच्या संपर्कात ते आयोडीनइतके निष्प्रभ होत नाही. मात्र साध्या साबणाच्या अंशामुळे त्याची क्रिया मंदावते. डोळ्याच्या पारदर्शक पटलाला आणि मध्यकर्णाला ते घातक आहे, म्हणून डोळ्याजवळ व पडदा फाटलेल्या कानात ते वापरत नाहीत.

पोव्हिडोन-आयोडीन: १० टक्के द्रावणात सुमारे १ टक्का उपलब्ध आयोडीन असते, स्क्रबचे प्रमाण ७.५ टक्के असते. जिवाणू, बुरशी आणि अनेक विषाणू यांवर ते परिणाम करते. पण त्वचेवर ते किमान दोन-तीन मिनिटे राहावे लागते, आणि रक्त, पू किंवा मळ असल्यास त्याचा जोर ओसरतो. काही कुत्र्यांच्या त्वचेवर त्याने लालसर चट्टे उठतात. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत मात्र त्याचे साबणविरहित द्रावण सुमारे पन्नास पट पातळ करून वापरतात.

अल्कोहोल: ७० टक्के आयसोप्रोपिल किंवा इथिल अल्कोहोल जिवाणूंना अत्यंत झपाट्याने मारते. प्रथिने साखळण्यासाठी पाण्याची गरज असते, म्हणून शुद्ध अल्कोहोलापेक्षा ७० टक्क्यांचे मिश्रण अधिक प्रभावी ठरते. त्याचा परिणाम टिकाऊ नसतो. पण क्लोरहेक्सिडीनच्या जोडीने ते उत्तम काम करते. माणसांवरील ८४९ रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल वापरलेल्या गटात जखमेच्या संसर्गाचे प्रमाण ९.५ टक्के, तर पोव्हिडोन-आयोडीनच्या गटात १६.१ टक्के आढळले. उघड्या जखमेवर व श्लेष्मल त्वचेवर अल्कोहोल वापरत नाहीत.

यांपैकी कोणतेही द्रव्य जिवाणूंच्या बीजाणूंचा भरवशाने नाश करीत नाही. पूतिरोधक द्रावणातही काही चिवट जिवाणू तग धरू शकतात. म्हणून भांड्यातील जुन्या द्रावणात नवे ओतत राहणे आणि गॉझचे बोळे दिवसेंदिवस त्यात भिजत ठेवणे धोक्याचे असते. भांडे रिकामे करून, धुऊन व निर्जंतुक करूनच पुन्हा भरावे लागते.

प्राथमिक आणि अंतिम स्वच्छता

त्वचा दोन वेळा स्वच्छ केली जाते. पहिली स्वच्छता तयारीच्या खोलीत होते. साबणयुक्त स्क्रबने फेस काढून मळ, कोंडा आणि तेलकटपणा उतरवला जातो. गॉझवर मळ दिसेनासा होईपर्यंत ही क्रिया चालू राहते. मळ शिल्लक असलेल्या त्वचेवर पूतिरोधक लावणे म्हणजे शेणामातीच्या थरावर औषध लावणे होय. या वेळी हलक्या हाताने काम करणे महत्त्वाचे असते, कारण जोराने घासल्यास त्वचा खरवडली जाते आणि खोलवरचे जिवाणू वर येतात.

त्यानंतर प्राण्याला शस्त्रक्रियागृहात नेऊन टेबलावर योग्य स्थितीत बांधले जाते आणि अंतिम स्वच्छता केली जाते. निर्जंतुक हातमोजे आणि निर्जंतुक गॉझ यांचा वापर येथे अपेक्षित असतो. परंपरेने छेदाच्या नियोजित रेषेपासून आरंभ करून वर्तुळाकार गतीने बाहेरच्या बाजूस जातात. कडेला पोहोचलेला गॉझ टाकून दिला जातो. तो पुन्हा मध्यभागी आणायचा नाही, हा या पद्धतीचा गाभा आहे. स्क्रब आणि पुसणे यांची आवर्तने सामान्यतः तीन वेळा होतात. परंतु आवर्तनांच्या संख्येपेक्षा द्रव्य त्वचेवर एकूण किती वेळ राहिले, हे महत्त्वाचे असते. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलाच्या तयार कांड्या वापरताना मात्र वर्तुळाऐवजी पुढे-मागे घासण्याची सूचना असते, त्यामुळे द्रव्य त्वचेच्या बारीक घड्यांत उतरते. शेवटी द्रव्य आपोआप सुकू द्यावे लागते. पुसून किंवा वारा घालून ते सुकवल्यास संपर्काचा वेळ कमी होतो.

निर्जंतुक कापडाचे आच्छादन

तयार केलेल्या जागेभोवती आधी चार लहान निर्जंतुक कापडे चौकोनात लावली जातात व त्यांचे कोपरे चिमट्यांनी त्वचेला अडकवले जातात. त्यांवर मध्यभागी खिडकी असलेले मोठे कापड पसरले जाते. एकदा ठेवलेले कापड छेदाच्या दिशेने सरकवत नाहीत, कारण त्याबरोबर बाहेरच्या न धुतलेल्या भागावरील जंतू आत येतात. सुती कापड ओले झाले की जिवाणू त्यातून पाझरून वर येतात. म्हणून रक्त किंवा द्रव सांडण्याचा संभव असल्यास पाणी न शिरणारे कापड वापरले जाते.

विशेष भाग आणि विशेष प्राणी

पायाच्या हाडांच्या शस्त्रक्रियेत पंजा पूर्ण स्वच्छ करणे कठीण असते. म्हणून पंजाभोवती हातमोजा किंवा पट्टी गुंडाळून पाय टांगून ठेवतात व सर्व बाजूंनी स्वच्छ करतात. नंतर पंजा निर्जंतुक पट्टीत गुंडाळला जातो. नर कुत्र्याच्या पोटावरील शस्त्रक्रियेत शिश्नाचे आवरण छेदाच्या क्षेत्रात येते. ते पातळ पूतिरोधकाने आतून धुतले जाते किंवा चिमट्याने बाजूला करून कापडाखाली झाकले जाते. कुत्र्याच्या वृषणकोशाची त्वचा फार नाजूक असते. तेथे क्लिपरची इजा किंवा अल्कोहोलाची आग झाली, तर प्राणी ती जागा सतत चाटतो. म्हणून छेद वृषणकोशाच्या पुढील भागात घेण्याची पद्धत आहे. बोक्याच्या वृषणकोशावरील केस भुलेखाली हाताने उपटता येतात.

सशाची त्वचा पातळ व सहज फाटणारी, तर केस मऊ व दाट असतात. त्यामुळे केस काढण्याचे काम सावकाश करावे लागते. त्याच्या तळपायांना कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, तेथील केसच त्वचेचे रक्षण करतात. म्हणून ते काढत नाहीत. उंदीर, हॅमस्टर, गिनीपिग अशा लहान प्राण्यांत वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते. त्यांच्या बाबतीत केस थोड्याच भागावरील काढणे, द्रव्य कोमट व मोजके वापरणे आणि अल्कोहोल टाळणे किंवा अगदी कमी वापरणे इष्ट असते. पक्ष्यांची पिसे कापत नाहीत, तर मोजकीच उपटतात. कापलेल्या पिसाच्या जागी पुढील पीसगळतीपर्यंत नवे पीस येत नाही. पंखांतील मोठी पिसे शक्यतो जागच्या जागी ठेवली जातात.

धोके

त्वचेची तयारी निरुपद्रवी वाटली, तरी तिच्यात काही धोके संभवतात. पहिला धोका शरीराचे तापमान उतरण्याचा. भुलेखालील प्राणी थरथरून उष्णता निर्माण करू शकत नाही. त्यात केस गेलेले, अंग ओले आणि अल्कोहोल उडून जाताना उष्णता घेणारे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, लहान पिलांमध्ये ते थोड्याच वेळात बरेच खाली येऊ शकते. अशा प्राण्याला भुलेतून बाहेर येण्यास वेळ लागतो. दुसरा धोका आगीचा. अल्कोहोल पूर्ण न सुकता विजेचे दहनयंत्र किंवा लेसर वापरल्यास ते पेट घेऊ शकते. अंगाखाली साचलेले किंवा केसांत मुरलेले अल्कोहोल सुकण्यास अधिक वेळ घेते. तिसरा धोका अंगाखाली साचलेल्या द्रव्याने त्वचा पोळण्याचा आणि डोळ्यांत द्रव्य उडण्याचा असतो.

भारतातील संदर्भ

भारतात भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणामुळे या प्रक्रियेला सार्वजनिक महत्त्व आले आहे. प्राणी जन्म नियंत्रण (श्वान) नियम, २००१ आणि त्यांच्या जागी आलेले प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनुसार भटक्या कुत्र्यांना पकडून, त्यांचे निर्बीजीकरण व रेबीजप्रतिबंधक लसीकरण करून, पुन्हा मूळ जागी सोडले जाते. अनेक केंद्रांत मादीवरील शस्त्रक्रिया कुशीवर छेद घेऊन केली जाते. तेव्हा केस काढणे व स्वच्छता पोटाऐवजी कुशीवर करावी लागते. घरच्या कुत्र्याची जखम मालक रोज पाहतो, चिघळली तर दवाखान्यात आणतो. रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ही शक्यता फारच थोडी असते. त्याची त्वचा किती काळजीपूर्वक तयार केली, यावरच बऱ्याच अंशी त्याचे पुढचे दिवस अवलंबून असतात. एका दिवसात अनेक शस्त्रक्रिया होत असताना ब्लेड न पुसणे, एकच भांडे दिवसभर वापरणे आणि द्रव्य सुकण्याची वाट न पाहणे या तीन गोष्टी टाळणे म्हणूनच निर्णायक ठरते. पावसाळ्यात चिखलाने माखलेली कुत्री आधी कोरडी करून घ्यावी लागतात.

मर्यादा

त्वचेची उत्तम तयारी केली तरी संसर्गाची शक्यता पूर्ण जात नाही. शस्त्रक्रियेचा कालावधी, ऊतींची हाताळणी, प्राण्याचे वय, त्याचे इतर आजार आणि शस्त्रक्रियेनंतरची निगा यांचाही त्यात वाटा असतो. कोणते पूतिरोधक सर्वश्रेष्ठ, यावर माणसांवरील अभ्यास भरपूर आहेत. प्राण्यांवरील अभ्यासांत मात्र क्लोरहेक्सिडीन आणि पोव्हिडोन-आयोडीन ही दोन्ही योग्य रीतीने वापरल्यास जिवाणूंची संख्या चांगली घटवतात, असे दिसते. प्रतिजैविके ही त्वचेच्या तयारीला पर्याय नाहीत. थोड्या वेळात संपणाऱ्या स्वच्छ शस्त्रक्रियेत, तयारी नीट झाली असल्यास, त्यांची बहुधा गरज पडत नाही. आणि तयारी नीट झाली नसल्यास ती दरवेळी ती उणीव भरून काढू शकत नाहीत.